घरच्या जेवणाची वही

बॉयलरची तपासणी शिकवताना आमच्या प्राध्यापकांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते की, आत किती कोळसा गेला आणि बाहेर किती वाफ आली हे दोन आकडे जुळत नसतील, तर मध्ये कुठेतरी गळती आहे; ती सापडेपर्यंत जागचे हलायचे नाही. ही १९१५ सालची गोष्ट. टेक्निकल इन्स्टिट्यूट तेव्हा भायखळ्याला होती. त्यानंतर चौतीस वर्षे मी गिरण्यांचे बॉयलर तपासले आणि त्या वाक्याने मला कधी दगा दिला नाही. म्हणून निवृत्तीनंतर, १९५५च्या जूनमध्ये, लालबागच्या एका लहानशा शाळेत चौथीच्या अडतीस मुलांना दुपारचे जेवण देण्याचे काम अंगावर घेतले, तेव्हाही मी तेच वाक्य बरोबर नेले.

धान्य, गूळ आणि दुधाची भुकटी गिरगावातला एक धर्मादाय फंड देत असे. भांडे मी स्वतः बनवले होते. परळच्या एका कारखान्यात तांब्याचा दुहेरी पत्रा वळवून घेतला, वर झडप बसवली, आणि एका शेगडीवर अडतीस मुलांची खिचडी चाळीस मिनिटांत शिजेल अशी व्यवस्था केली. स्वयंपाकाला गंगुबाई येत. त्या मालवणकडच्या. जवळच गिरणीतल्या एकट्या पुरुषांसाठी त्यांची खानावळ होती. सकाळच्या पाळीची जेवणे उरकली की त्या पदर खोचून शाळेत येत. भांडे पाहून त्या पहिल्या दिवशी म्हणाल्या, "मास्तरानू, ह्या इंजनात भात शिजतलो की गाडी सुटतली?"

मुले खूप हसली. मीही हसलो. मी मास्तर नव्हतो, पण त्या दिवसापासून मला सगळे मास्तरच म्हणू लागले.

माझी योजना जेवण देऊन संपणारी नव्हती. मुलांनी डाळ मापायची, पाणी मोजायचे, वेळ लिहून ठेवायची आणि त्यातूनच गणित व भाषा शिकायची, असे मी वर्गशिक्षिका शांताबाई यांच्याशी ठरवले होते. फळ्यावर मी तीन रकाने आखले होते. धान्य, डाळ, पालेभाजी. ज्या ताटात हे तिन्ही नाहीत ते ताट अपुरे, हे मुलांकडून मी रोज म्हणून घेत असे. शनिवारी दुपारी आयांचाही वर्ग असे. पहिल्याच वर्गात मी त्यांना पटवून देऊ लागलो की भाताची पेज फेकून देऊ नये, तिच्यात सत्त्व असते. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. शेवटी गंगुबाईच बोलल्या, "पेज टाकूक आदी भात तरी होयो, मास्तरानू! हंय पेज पिऊनच पोरां वाढतत." मग जो हशा झाला, त्यात माझा उरलेला अर्धा तास बुडाला. मी त्यांना हे सांगत होतो, म्हणजे मला काय काय माहीत नव्हते, याचा विचार मी त्या दिवशी करायला हवा होता.

त्या अडतीस मुलांत कमल होती. दहा वर्षांची, सीताराम नावाच्या साचेवाल्याची, म्हणजे गिरणीत माग चालवणाऱ्याची, मुलगी. अंगाने इतकी बारीक की परकराचा नाडा कमरेला दोनदा गुंडाळलेला असे. डाळीचे तीन सारखे वाटे करायला सांगितले तेव्हा ती पटकन म्हणाली, "मास्तर, पावशेराचा तिसरा वाटा छटाकात बसत नाही. एक छटाक आणि वर छटाकाचा तिसरा भाग. तो कशानं मोजू?"

"चमच्याने मोज," मी म्हणालो.

"मग चमचा किती छटाकाचा ते आधी मोजायला लागंल."

असे उत्तर मी इन्स्टिट्यूटमध्येही फारसे ऐकले नव्हते. दादरच्या मुलींच्या एका हायस्कुलाने आमच्या शाळेतली एक मुलगी फी न घेता पाचवीत घेण्याचे कबूल केले होते. परीक्षा एप्रिलच्या नऊ तारखेला होती. ती जागा कमलची, हे शांताबाईंनी आणि मी दिवाळीपूर्वीच ठरवून टाकले होते. तिला तोपर्यंत नीट जेवता यायला हवे होते आणि रोज शाळेत यायला हवे होते. याहून तिसरी गोष्ट लागत नव्हती.

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी मुलांना वजनकाट्यावर उभे करीत असे. काटा एका गिरणीच्या कापूसगोदामातून मागून आणलेला होता. जूनमध्ये कमल सेहेचाळीस पौंड भरली, डिसेंबरात एकोणपन्नास. काट्यावर चढताना मुले "झालाच पाहिजे!" अशी घोषणा देत, कारण लालबागेत तेव्हा दुसरी घोषणाच नव्हती. मीही काट्याकडे पाहून मनात तेच म्हणत असे.

जानेवारीत मुंबई पेटली. गोळीबार झाला, संचारबंदी आली, शाळा सतरा दिवस बंद राहिली. ती उघडली तेव्हा चौथीतल्या अकरा मुलांचे बाप तुरुंगात होते. सीताराम त्यातला एक. गिरणगावात त्या दिवसांत हा मान होता. त्या अकरा मुलांना बाकीची मुले पहिल्या पंगतीत बसवू लागली.

फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला कमल पंचेचाळीस पौंड भरली. इतर दहांचेही काटे खाली आले होते. मार्चमध्ये मात्र असे होऊ द्यायचे नाही, असे ठरवून मी गळती शोधू लागलो.

पहिली गळती चौथ्याच दिवशी सापडली. त्या दिवशी भाकरी होती. कमलने अर्धी खाल्ली आणि अर्धी अलगद परकराच्या ओच्यात सरकवली. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"ही कुणासाठी?"

"बाळ्यासाठी." बाळ्या तिचा धाकटा भाऊ, दोन वर्षांचा.

मी तिला समजावले. मी कुणावर ओरडत नसे. ही भाकरी तुझ्या वजनाप्रमाणे मोजलेली आहे. ती दुसऱ्याने खाल्ली तर हिशेब चुकतो. तू परीक्षेला बसायची आहेस. मग मी ती अर्धी भाकरी तिच्या ताटात परत ठेवली आणि ती संपेपर्यंत तिथेच उभा राहिलो. तिने भिंतीकडे पाहत एकेक घास खाल्ला. त्या दिवशी मी शाळेचा नियम करून टाकला : अन्न शाळेबाहेर जाणार नाही.

दुसरी गळती घरात असणार, हे उघड होते. शाळेत जेवते म्हणून घरात तिच्या वाट्याचे कमी होत असेल. पण किती कमी होते? ते कळल्याशिवाय फंडाकडे जास्त धान्य मागणार कसे? मी उपाय काढला आणि आज त्या उपायाचे स्मरण मला नको वाटते. त्या अकरा मुलांपैकी प्रत्येकाला मी एक वही दिली. वर ठळक अक्षरांत लिहिले, 'घरचे जेवण'. काल सकाळी आणि संध्याकाळी घरी काय जेवलो, हे प्रत्येकाने रोज दोन ओळींत लिहायचे. शांताबाईंना कल्पना आवडली. मुलांचा लेखनाचा सरावही होणार होता.

गंगुबाई शेगडीतली राख काढत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "मास्तरानू, असली वही ठेवू नकात."

"का?"

"पोरां काय लिवतली, ता माका आत्ताच ठावक आसा."

"खरे लिहितील. मुले खोटे लिहीत नाहीत."

"खोटा नाय लिवची," त्या म्हणाल्या. "घरात शिकवलेला लिवतली." मग त्यांनी राखेची पाटी उचलली आणि त्या निघून गेल्या. त्यांना थांबवून अर्थ विचारावा असे मला वाटले नाही.

पहिले दोन दिवस मुलांनी पेन्सिली चावल्या. तिसऱ्या दिवसापासून वह्या भरू लागल्या. कमलने लिहिले होते : 'सकाळी नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, माठाची भाजी. संध्याकाळी भात, सोड्यांची आमटी, आईने केलेला पापड.' सातारकडच्या शिवाच्या वहीत बाजरीची भाकरी, पिठले आणि मेथी होती. कुणाकडे मसूर, कुणाकडे चवळी. मी प्रत्येक वही तांबड्या शाईने तपासली. अकरा घरांत रोज वेगळा बेत होता आणि प्रत्येक बेतात धान्य होते, डाळ होती, पालेभाजी होती. माझे तीन रकाने घरोघरच्या चुलीपर्यंत पोचले, असे मला वाटले. मी पानाखाली 'उत्तम' असा शेरा मारीत गेलो. कमलच्या वहीत मी तो बावीस वेळा मारला आहे. वही माझ्याजवळ आहे.

वजने वाढली नव्हती, ही विसंगती माझ्या नजरेतून सुटली नाही. पण ती मी काट्याच्या माथी मारली. संचारबंदीत शाळा बंद असताना तो कुणीतरी आदळला असावा, असे मी लिहून ठेवले. दोन साधनांपैकी कोणते खोटे सांगते हे ठरवायची वेळ आली, आणि चौतीस वर्षे लोखंडावर विश्वास ठेवलेल्या माणसाने कागदावर विश्वास ठेवला, कारण कागदावर त्याचेच शिकवणे लिहून आले होते.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात फंडाला तिमाही अहवाल द्यायचा होता. मी अकरा वह्यांवरून सुवाच्य तक्ता केला आणि वर एक वाक्य लिहिले : 'शाळेतील शिक्षणामुळे घरच्या आहारात लक्षणीय सुधारणा झालेली आहे.' पाचव्या दिवशी चिटणिसांनी मला गिरगावातल्या कचेरीत बोलावले. गृहस्थ सज्जन होते. आजही मी त्यांना दोष देत नाही.

"हेरंबराव, अभिनंदन!" ते म्हणाले. "सोड्यांची आमटी, कुळीथ, माठ. आमच्या घरी रोज इतकं होत नाही हो. सूनबाईंना दाखवला मी तुमचा तक्ता."

मी संकोचाने हसलो.

"तर समितीनं असं ठरवलंय की इथलं काम पूर्ण झालं. धान्य पुरवून पुरवून वापरायचं आहे. एका अनाथाश्रमात मुलं एक वेळ उपाशी असतात. येत्या सोमवारपासून तुमचा शिधा तिकडे जाईल."

मी खुर्चीच्या कडेला सरकलो. जानेवारीनंतर या घरांत पगार येत नाही, बाप तुरुंगात आहेत, वजने उतरली आहेत, हे सगळे मी एका दमात सांगितले.

"वजनाबद्दल तुम्हीच लिहिलंय, काटा बिघडलाय." त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. अक्षर माझेच होते. "आणि घरी चूल पेटत नसेल तर हे बावीस दिवसांचे बेत कुठले? दोन्ही कसं खरं असेल? एक करा. एका पालकाकडून लिहून आणा की वहीतलं खरं नाही, घरी मुलांना पुरेसं मिळत नाही. एक सही, नाहीतर अंगठा. मी स्वतः समितीपुढे ठेवतो."

मी तिथून सरळ शाळेत आलो आणि कमलला वर्गाबाहेर बोलावले. वही तिच्या हातात दिली.

"हे तू लिहिलेस ते जेवलीस का?"

तिने वही मिटली.

"शिवाकडे पिठले झाले होते?"

"त्यांच्याकडं सातारचं असतं म्हणून मी त्याला पिठलं सांगितलं," ती हळू आवाजात म्हणाली. "त्याला काय लिहावं सुचत नव्हतं. मग मी सगळ्यांना सांगते. एकाचं दुसऱ्यासारखं नको व्हायला. आणि तीन रकाने भरले पाहिजेत ना, मास्तर?"

अकरा घरे, बावीस दिवस, दोन वेळा. प्रत्येक घराच्या मुलखाला शोभतील असे बेत एका दहा वर्षांच्या मुलीने रिकाम्या पोटी रचले होते आणि त्यात एकदाही पालेभाजी चुकवली नव्हती.

"खरे का नाही लिहिलेस?"

"घरातलं बाहेर सांगायचं नसतं," ती म्हणाली. मला एवढेही ठाऊक नाही, याचे तिला नवल वाटलेले दिसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास मी तिच्या चाळीत गेलो. गॅलरीत बायका कपडे वाळत घालीत होत्या. एकीने दारातूनच हाक दिली, "रखमा, तुझ्याकडं शाळेचे मास्तर आले गं!" मी दारात पोचतो तोच आतून चर्र असा आवाज आला. तापलेल्या तव्यावर पाणी पडल्याचा. वाफेच्या आवाजांत माझे आयुष्य गेले आहे. तव्यावर पीठ असले की तो आवाज मऊ येतो. हा कोरड्या लोखंडाचा होता. आत गेलो तेव्हा कमलची आई रखमा चुलीपुढे बसली होती आणि तवा रिकामाच होता. जवळ परातही नव्हती. बाळ्या भिंतीला टेकून माझ्याकडे पाहत होता, रडत नव्हता.

"या, मास्तर. आत्ताच भाकऱ्या झाल्या," ती म्हणाली. "बसा. च्या टाकते."

मी नको म्हणालो असतो तर तो अपमान झाला असता, एवढे एव्हाना मला कळले होते. गुळाचा काळा चहा मी घेतला. मग कागद काढला. आवाज खाली ठेवून मी सगळे समजावून सांगितले : शिधा सोमवारी बंद होणार; कमलच्या परीक्षेला तीन आठवडे आहेत; एक अंगठा हवा. पण खोली दहा फुटांची होती आणि दार उघडे होते. गॅलरीतले बोलणे थांबलेले मला ऐकू आले.

रखमाने पदर डोक्यावर ओढला आणि मुद्दाम बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात बोलली, "वहीत लिवलंय ते खरं हाय. आमच्या घरात रोज चूल पेटते."

"रखमाबाई, मला तुम्हाला कमीपणा आणायचा नाही."

"मग हा कागद कशाला आणलात?" आता तिचा आवाज उतरला. "ह्यांना चोरीसाठी आत नाही टाकलं. मुंबईसाठी गेलेत. त्यांच्या मागं त्यांची बायको पोरं उपाशी मारते, असं मी अंगठा लावून देऊ? तो कागद कुणाच्या हाती जाईल? उद्या सरकारवाले म्हणतील, बघा, यांची चळवळ यांनाच खायला घालत नाही."

"तो कागद समितीपलीकडे जाणार नाही."

"पोरीची वही पण शाळेपलीकडं जायची नव्हती, मास्तर."

कमल दाराशी उभी होती. ती कागदाकडे पाहत होती. तिला वाचता येत होते. मी तिच्याकडे पाहिले, तेव्हा तिने बाळ्याला उचलून कमरेवर घेतले आणि गॅलरीत निघून गेली.

उरलेल्या दहा घरीही मी गेलो. प्रत्येक घरी चहा मिळाला. अंगठा कुठेच मिळाला नाही. मी पोचण्याआधी बातमी पोचत होती, आणि रखमाने दिला नाही तो कागद आपण द्यावा असे कुणाला वाटणार? शांताबाईंनी आपल्या डब्यातून तीन-चार दिवस कमलला काही देऊन पाहिले. "जेवून आले, बाई," असे सांगून ती डबा परत करी.

सोमवारी शिधा आला नाही. शेगडी पेटवायला गंगुबाई सवयीने आल्या आणि रिकाम्या भांड्याची झडप हाताने उघडझाप करीत बसल्या. "मी सांगललंय," एवढेच त्या म्हणाल्या. पुढे त्यांनी कधी तो विषय काढला नाही. गुरुवारपासून कमल येईनाशी झाली. रखमाने परळच्या एका दवाखान्यात झाडलोटीचे काम धरले होते आणि बाळ्याला सांभाळायला घरात दुसरे कुणी नव्हते. शाळेत जेवण होते तोवर तिला शाळेत पाठवणे परवडत होते. मी शोधत होतो ती दुसरी गळती हीच होती : घरात तिचा वाटा कमी होत नव्हता, वाटायलाच काही नव्हते. मी तिचे नाव चुकीचे ठेवले होते.

नऊ एप्रिलला मी दादरच्या हायस्कुलाच्या फाटकाशी सकाळी आठ ते अकरा उभा होतो. ती जागा त्या वर्षी रिकामी राहिली.

सीताराम पावसाळ्यानंतर सुटून आला. त्याला हार घातले गेले. गिरणीत त्याच्या साच्यावर दुसरा माणूस होता. वर्षभराने रखमा धाकट्याला घेऊन गावी गेली आणि कमल गंगुबाईंच्या खानावळीत भाकऱ्या थापायला राहिली. हे मला ऐकून माहीत होते. जायचे धैर्य मात्र झाले नव्हते.

१ मे १९६०ला लालबागेत तोरणे लागली होती. गर्दीतून चालता चालता दुपारी एकच्या सुमारास मी खानावळीपाशी आलो आणि आत गेलो. राज्य झाले म्हणून गंगुबाईंनी त्या दिवशी पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि शिरा केला होता; दुसरे काही नाही, हे दारातल्या पाटीवर खडूने लिहिलेले होते. कोपऱ्यात माझे तांब्याचे भांडे होते. झडप काढून टाकली होती आणि त्यात हात धुवायचे पाणी ठेवले होते. पंगती संपायला अजून तासभर होता. कमल चुलीपुढून उठून आली. चौदा वर्षांची झाली होती. मनगटे तशीच बारीक होती.

"मास्तर, बसा ना. पान वाढते."

"कशी आहेस?"

"बरी हाय."

आणखी काय विचारावे ते मला सुचले नाही. म्हणून विचारले, "जेवलीस का?"

"हो तर," ती लगेच म्हणाली. "भाकरी, मसुराची आमटी, माठाची भाजी."

तिने माझ्याकडे सरळ पाहिले. तिच्या मागे पुऱ्यांची परात होती. वाढणाऱ्या बायांनी अजून आपली पाने घेतलेली नव्हती.

"उत्तम," मी म्हणालो, आणि पाटावर बसलो.